पाठ टेकणाऱ्याचे नाव कुठे आहे?

कोल्हापुरात खासबाग मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. मैदान १९१२ चे, नाट्यगृह १९१५ चे. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी उभी केली. कुस्ती आणि नाटक यांत महाराजांनी उच्च-नीच पाहिली नाही. आजची करमणुकीची दुनिया मात्र ती पाहते.

पैलवान हौशी नाटकात उभा राहिला की त्याच्या वाट्याला भीम, राक्षस नाहीतर पहारेकरी येतो. संवाद दोन आणि गर्जना चार! सिनेमात गेला तर गुंड. त्याची छाती हवी असते, त्याचे बोलणे नको असते. दारासिंगसारखा नामांकित मल्ल 'किंग काँग' (१९६२) नंतर नायक म्हणून गाजला, तरी त्याच्या चित्रपटांवर 'बी ग्रेड' हा शिक्का बसलाच. डोक्याचे काम श्रेष्ठ आणि अंगमेहनतीचे हलके, ही प्रतवारी या देशात कुठून आली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते.

वास्तविक स्टंट हे नुसत्या ताकदीचे काम नाही. कुस्तीत पाठ मातीला टेकली की हार. स्टंटमध्ये पाठ टेकण्याचीच मजुरी मिळते. जे टाळण्यासाठी पैलवानाने वर्षानुवर्षे घाम गाळला, तेच त्याला इथे करावे लागते. हनुवटी छातीशी घेऊन, श्वास सोडून, भार खांद्यावर झेलून. नायकाचा ठोसा त्याला लागतच नाही. तो लागल्यासारखा दिसतो, कारण पडणारा नेमक्या क्षणी पडतो. मग आम्ही विचारतो, त्या प्रसंगातला अभिनय कोणाचा? टाळ्या घेणाऱ्याचा की पडणाऱ्याचा?

आणि पडण्यातली चूक जिवावर बेतते. २०१६ साली कर्नाटकात 'मास्तीगुडी'च्या चित्रीकरणात हेलिकॉप्टरमधून जलाशयात उड्या मारलेले अनिल आणि उदय हे दोघे बुडाले. १३ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत 'वेट्टुवम'च्या चित्रीकरणात गाडीचा स्टंट करताना मोहनराज गेले. हा चित्रपट पा. रंजित यांचा, म्हणजे आपल्याच विचारांच्या दिग्दर्शकाचा. म्हणून आम्ही गप्प बसावे काय? मुळीच नाही. पडद्यावर शोषितांची बाजू घेणाऱ्याने पडद्यामागच्या मजुराचा जीव आधी सांभाळला पाहिजे. हा नियम परक्यांना लागू आणि आपल्याला माफ, असे असूच शकत नाही.

ऑस्करवाल्यांनाही जाग यायला शंभर वर्षे लागली. २०२७ च्या चित्रपटांपासून ते स्टंटसाठी वेगळा पुरस्कार देणार आहेत. आनंद आहे! पण पुरस्कार एकाला मिळतो, हाडे अनेकांची मोडतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराची सुरक्षितता हा मालकाच्या दयेचा विषय नसून कायद्याचा विषय आहे, हीच त्यांची भूमिका होती. तीच आमचीही आहे. प्रत्येक स्टंट कलाकाराचा विमा काढल्याशिवाय कॅमेरा सुरू होता कामा नये. जागेवर रुग्णवाहिका आणि डॉक्टर हवेत. धोका वाटला तर 'नाही' म्हणण्याचा हक्क हवा, आणि तो वापरल्याबद्दल पुढचे काम जाता कामा नये.

आणि चित्रपटाच्या शेवटी नायकाच्या स्वयंपाक्याचे नाव झळकते, तिथे नायकासाठी पाठ टेकणाऱ्याचेही नाव यायला हवे.