तेल तं गळनच!

आमच्या मोर्शीकडं पिकअपखाली काळा डाग दिसला, की एकच उत्तर मिळते, ‘डिझेल गाडी हाये बाप्पा, तेल तं गळनच!’ मला हे वाक्य मान्य नाही. संत्र्याच्या बागेत ठिबक गळलं, तर आपण पाणी वाढवून गप्प बसतो काय? आणि सारी बाग खोदतो काय? गळका जोड शोधतो.

गाडीपाशी मात्र ही अक्कल जाते कुठं? मालक म्हणते, लिटरभर टाक अन् चाल. मिस्त्री म्हणते, इंजिन खोला. काहून? पहिले थंड इंजिन फडक्यानं कोरडं पुसा, दहा-बारा किलोमीटर चालवा, मंग बॅटरी मारून पाहा. तेल खाली ओघळते, वाऱ्यानं मागं पसरते. म्हणून ओलं तिथंच गळती, असं नसते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, चेंबरच्या नटाचा वायसर आधी तपासा. ब्रीदरची नळी चोंदली, तर आत हवा कोंडते अन् नव्या सीलातूनही तेल बाहेर येते. नळी मोकळी असून भकाभक धूर निघत असेल, तेव्हा रिंगांची शंका घ्या.

आंबिया बहाराचा माल भरून नागपूरच्या वाटेवर तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथंच बंद करा. तशीच दामटली, तर इंजिन जाम होते अन् वर्षाची कमाई गॅरेजात जाते. सकाळी डिपस्टिक पाहायला पैसा लागत नाही, लेकहो!