लोकल टेस्टेड!

मंडळी, गॅजेट्सच्या जाहिराती बघितल्यात? मॉडेल नेहमी रिकाम्या खोलीत एकटाच हसत असतो. म्हटलं, आपण आपल्या लॅबमध्ये टेस्ट करू. लॅब म्हणजे सकाळची फास्ट लोकल, डोंबिवली ते ठाणे!

गळ्यातला पंखा : दिसतो हेडफोनसारखा, हात मोकळे. पण तो हवा थंड करत नाही, नुसती फिरवतो. मे महिन्यात डब्यातली गरम हवाच फिरणार ना! मार्क दहापैकी ४.

ब्लूटूथ टॅग : बॅगेत टाकायची छोटी चकती. साध्या टॅगमध्ये जीपीएस नसतं. आसपासच्या फोनना सिग्नल जातो, ते तिचा ठावठिकाणा कळवतात. जितके फोन जास्त, तितका शोध सोपा. म्हणजे गर्दीचा चक्क फायदा! मार्क ८.

नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स : बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याची उलटी लहर कानात सोडतात. सॉलिड! डब्यातलं भजन गायब. पण ‘चला, ठाणा आला’ हेही गायब. मी थेट घाटकोपरला! बसला असाल तर ९, दारात असाल तर शून्य.

दारावरून आठवलं. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्यानंतर रेल्वेने बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे जाहीर केले. हवेसाठी दारांना फटी आणि छतावरून ताजी हवा.

मला हवंय ते गॅजेट हेच. मार्क मात्र आत्ताच देत नाही. दार बंद व्हायला आधी आपण सगळे आत मावायला हवेत ना, बॉस!