शिपाई सरहद्दीवर गेल्यावर त्याचें घर कोणी चालवावें?

एखाद्या देशाच्या सैन्याची गोष्ट निघाली कीं लोक तोफा किती, विमानें किती, पलटणी किती, हें विचारूं लागतात. हा हिशेब खोटा नव्हे, पण तो अपुरा आहे. शेतकऱ्याचा मुलगा बंदूक घेऊन सरहद्दीवर उभा राहिला म्हणजे त्याच्या वाट्याची नांगरट कोण करतो, लोहाराचा भाता कोण ओढतो, घरांत दाणे कोठून येतात, हाहि सैन्याच्याच वहींतला रकाना आहे. आमच्या मतें तोच पहिला रकाना होय. हें आम्ही हवेंतलें बोलत नाहीं. स्वित्झर्लंड नांवाच्या एका लहान राष्ट्रानें हा रकाना एका युद्धांत जवळजवळ कोरा ठेविला व त्याचें फळ भोगलें. दुसऱ्या युद्धांत तो भरला व त्याचाहि गुण त्यास आला. ती हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं समजून घेण्याजोगी आहे.

हा देश डोंगराळ, आपल्या महाराष्ट्राच्या सुमारें सातव्या हिश्श्याएवढा. आज त्याची वस्ती ९० लाखांच्या आसपास आहे व चार भाषा बोलणारे लोक २६ लहानमोठ्या प्रांतांत राहतात. तेथें बारमाही पगारी शिपाई फार थोडे. बाकी सारें सैन्य म्हणजे गांवोगांवचे शेतकरी, सुतार, कारकून व मास्तर. कायद्यानें प्रत्येक स्विस पुरुषावर लष्करी सेवेचा बोजा आहे. स्त्रियांस ती ऐच्छिक आहे. तरुणानें प्रथम १८ आठवडे कवाईत शिकावी, मग घरीं जावें, आणि पुढें साधारणतः सहा वेळां १९-१९ दिवस पलटणींत हजर व्हावें. साध्या शिपायाचे एकूण २४५ दिवस भरतात. ज्याचें मन हत्यार धरूं देत नाहीं, त्यास १९९६ पासून दीडपट मुदतीची मुलकी सेवा करतां येते. जो यांपैकीं कांहींच करीत नाहीं, त्यास करपात्र उत्पन्नाच्या शेंकडा ३ कर भरावा लागतो. थेट अंमलदार होऊन कोणी येत नाहीं. पेढीवाल्याचा मुलगा असो कीं गवळ्याचा, आरंभ रंगरुटापासून. जनरल हा हुद्दा शांततेच्या काळीं कोणासहि नसतो. मोठें संकट आलें म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा एकास निवडते. विसाव्या शतकांत असे दोनच जनरल झाले: १९१४ सालीं उलरिच विले व १९३९ सालीं आंरी गिझाँ.

आतां सरंजाम पहा. १८७४ च्या राज्यघटनेनें ठरविलें कीं शिपायास पहिला पोशाख, सामान व हत्यार फुकट मिळावें, आणि हत्यार त्याच्याच हातीं रहावें. म्हणून बंदूक शिपायाच्या घरीं असे. गोळ्यांची मोहोरबंद डबी घरीं ठेवण्याची चाल मात्र २००७ च्या ठरावानें मोडण्यांत आली, आणि आतां बंदूकहि सरकारी कोठारांत ठेवण्याची मुभा आहे. कपडे व सामान तयार करवून घेण्याचें काम त्याच घटनेनें प्रांतांकडे दिलें व खर्च मध्यवर्ती सरकारावर टाकला. घोडदळाचा स्वार आपला घोडा घरीं बाळगी. किंमतीचा भार तो व सरकार वांटून घेत, आणि लष्कराचें बोलावणें नसे तेव्हां तोच घोडा शेतांत राबे. हें घोडदळ १९७२ सालीं मोडण्याचें ठरलें. लष्करानें प्रत्येक शिपायास चाकू देण्याचें ठरविलें तेव्हां पहिला माल जर्मनींतून आणावा लागला. हें पाहून श्वीझ प्रांतांतील कार्ल एल्सेनर या चाकू करणाऱ्या कारागिरानें आपल्या धंदेबंधूंचा संघ उभारला व १८९१ सालीं देशी चाकू लष्कराच्या हवालीं केले. त्यांत पातें, आरी, डबा फोडण्याचें हत्यार आणि बंदूक खोलण्याचा पेचकस होता. लष्कराचा पैसा गांवच्या कारागिराच्या भात्यापर्यंत कसा पोंचवावा, याचा हा नमुना आहे.

आम्ही शाळामास्तर असल्यामुळें यापुढील गोष्ट आम्हांस विशेष गोड वाटते. त्याच १८७४ च्या घटनेनें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व फुकट केलें, आणि १८७५ पासून प्रत्येक रंगरुटाची वाचन, लेखन, हिशेब व देशाची माहिती यांत परीक्षा होऊं लागली. निकाल प्रांतवार प्रसिद्ध होत. जो प्रांत खालीं राही त्याची चारचौघांत नाचक्की होई, व शाळांकडे लक्ष देणें त्यास भाग पडे. अडाणी मुलास पकडून बंदूक देणारीं राज्यें पुष्कळ झालीं. आधीं अक्षर द्या, मग बंदूक द्या, असें म्हणणारें राज्य आम्हांस अधिक शहाणें दिसतें.

इतकी चोख व्यवस्था असूनहि पहिल्या महायुद्धांत या राष्ट्राचें घर आंतून तडकलें. १९१४ ते १९१८ या काळांत स्विस शिपायानें सरासरी ५०० दिवसांच्या आसपास सरहद्दीवर पहारा केला. भत्ता तुटपुंजा, आणि बुडालेल्या मजुरीची सर्वांस भरपाई देणारी कायद्याची सोय नाहीं. मदत होती ती 'गरजू' ठरलेल्या कुटुंबांस. म्हणजे नवरा देशासाठीं बर्फांत उभा, आणि बायकोनें कचेरीच्या दारीं आपलें दारिद्र्य शाबीत करावें! जिनसांचे भाव दुपटीवर गेले. १९१८ च्या मध्यास सुमारें सहावा हिस्सा लोक स्वस्त धान्याच्या सरकारी मदतीवर आले होते. अखेर १२ नोव्हेंबर १९१८ रोजीं सार्वत्रिक संप झाला व सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. त्यांच्या मागण्यांत आठवड्यास ४८ तासांचें काम, स्त्रियांस मत, म्हातारपणाचा विमा आणि सैन्याची लोकसेना म्हणून फेररचना, या होत्या. सरकारानें संप मोडण्यास खेड्यापाड्यांतल्या पलटणी शहरांत आणल्या. १४ तारखेस ग्रेन्शन गांवीं सैनिकांच्या गोळ्यांनीं तिघे संपवाले मेले. शेतकऱ्याचा मुलगा एका बाजूस आणि कामगार दुसऱ्या बाजूस; चार वर्षें दोघांनींहि एकाच सैन्याची वर्दी वागविली होती! शत्रूनें सरहद्द ओलांडली नाहीं, पण उपाशी घरांनीं देशांत फळी पाडली.

हा धडा ते लोक विसरले नाहींत. सप्टेंबर १९३९ मध्यें सुमारें ४ लक्ष ३० हजार शिपाई बोलाविले गेले. देशाची वस्ती तेव्हां सुमारें ४२ लाख; म्हणजे दहा माणसांत एक माणूस वर्दींत. या वेळीं १ फेब्रुवारी १९४० पासून मजुरीभरपाईची योजना सुरू झाली. मजुराच्या पगारांतून शेंकडा २, मालकाकडून शेंकडा २, आणि तितकीच भर सरकारची; या निधींतून शिपायाच्या बुडालेल्या मजुरीचा भाग घरीं पोंचूं लागला. १ जुलै १९४० पासून शेतकरी व स्वतंत्र धंदेवाले यांसहि तशीच भरपाई मिळूं लागली. दारिद्र्य शाबीत करण्याची गरज उरली नाहीं. हें दान नव्हे, हक्क आहे, असें ठरलें. युद्ध संपल्यावर हीच पेढी मोडून न टाकतां तिच्यावर म्हातारपणच्या पेन्शनाची इमारत उभारली. १९४७ सालीं लोकांनीं मोठ्या बहुमतानें कौल दिला व १ जानेवारी १९४८ पासून योजना चालू झाली. वर्गणीहि तीच, २ आणि २. १९१८ सालीं संपवाल्यांनीं जें मागितलें होतें, तें शिपायाच्या घरच्या वाटेनें तीस वर्षांनीं आलें. भरपाई आजहि चालू आहे: नोकरदाराच्या नेहमीच्या मिळकतीच्या शेंकडा ८०, कमाल व किमान मर्यादेंत, मुलांबद्दल वेगळी रक्कम, आणि स्वतःचा धंदा असलेल्यास धंद्याच्या खर्चाबद्दल वेगळा भत्ता.

या देशांत सर्व कांहीं सोन्याचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत तो वांचला तो केवळ सैन्यामुळें, असें म्हणणें खरें होणार नाहीं. जर्मनीशीं चाललेला व्यापार हेंहि एक कारण होतें. ज्या बायकांनीं नवरे व घोडे दोन्ही लष्करांत गेले असतां शेतें राखलीं, त्यांस संघराज्यांत मताचा हक्क १९७१ सालापर्यंत मिळाला नाहीं. म्हणजे १९४७ च्या कौलांत त्यांस विचारलेंच नव्हतें. हा डाग लहान नव्हे.

कोणी म्हणेल, असला बोजा लोकांस नकोसा होत असेल. २०१३ सालीं सक्तीची सेवा रद्द करावी काय, असा प्रश्न तेथील मतदारांपुढें ठेवण्यांत आला. शेंकडा ७३ मतें 'रद्द करूं नये' अशी पडलीं. बोजा वांटलेला असला आणि घर उघडें पडत नसलें, तर लोक तो उचलतात.

आमच्याकडील फौज पगारी व स्वखुषीची आहे. स्विस रीत जशीच्या तशी येथें आणावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु आमच्या खेड्यांतूनहि पिढ्यानपिढ्या मुलें फौजेंत जात आलीं आहेत. तेव्हां बंधुभगिनींनो, कोणी पुढारी व्यासपीठावरून शिपायाच्या शौर्याचे गोडवे गाऊं लागला, तर टाळ्या वाजवा, पण लगेच खालीं बसूं नका. त्यास विचारा: शिपायाच्या पाठीमागें त्याच्या आईबापांस काय मिळतें? तो जखमी झाला तर त्याच्या बायकोस किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात? नोकरी सुटून गांवीं आल्यावर त्यास काम कोण देतो? या प्रश्नांस आंकड्यानिशीं उत्तर मिळेपर्यंत त्यास सोडूं नका.