आकाशदर्शन : मोठे भांडवल, अल्प आयुष्य

मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र रात्री वृषभ राशीत तारकांची एक त्रिकोणी आकृती दिसते. प्राचीन ज्योतिषग्रंथांत तिला रोहिणीशकट म्हणजे रोहिणीचा गाडा म्हटले आहे. या गाड्याच्या एका टोकाशी तेजस्वी रोहिणी, तर दुसऱ्या टोकाशी एक मंद नारिंगी तारा आहे. त्याचे नाव ‘ऐन’. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ डोळा. त्याची प्रत सुमारे ३.५ असल्याने शहराच्या उजेडात तो सहसा नजरेस पडत नाही.

रोहिणी तारा सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे, तर ऐन सुमारे १५० प्रकाशवर्षांवर. रोहिणी या तारकागुच्छाची घटक नाही. ती केवळ वाटेत उभी आहे. ऐन मात्र गुच्छातलाच. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे १२ पट, तेज ९० पटींहून अधिक. पृष्ठभाग सूर्यापेक्षा सुमारे ९०० अंशांनी थंड, म्हणून त्याचा रंग नारिंगी.

गुच्छातील सर्व तारे एकाच मेघातून, जवळजवळ एकाच काळी जन्मले. त्यामुळे ऐनचे वयही कळते : ६० ते ७० कोटी वर्षे. सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे, तरीही तो मध्यमवयीन आहे आणि ऐन मात्र वार्धक्याला पोहोचला आहे. असे का व्हावे?

उत्तर वस्तुमानात आहे. ऐनचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.७ पट आहे. वजन अधिक म्हणून गाभ्यातील दाब आणि उष्णता अधिक. त्यामुळे हायड्रोजनचे ज्वलनही फार वेगाने झाले. इंधन पावणेतीन पट होते, परंतु खर्च त्याहून कितीतरी पट वाढला. गाभ्यातील हायड्रोजन संपताच बाह्य थर फुगले. आता तेथे हेलियम जळत आहे.

२००७ साली जपानमधील ओकायामा वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञांना या ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा सुमारे ५९५ दिवसांच्या आवर्तनाने मागेपुढे सरकताना आढळल्या. त्यावरून गुरूच्या किमान साडेसात पट वस्तुमानाचा एक ग्रह त्याच्याभोवती फिरत असल्याचे उघड झाले. खुल्या तारकागुच्छात सापडलेला तो पहिला ग्रह होय.

सूर्याच्या गाभ्यातील हायड्रोजन अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल. त्याचे भांडवल ऐनपेक्षा लहान आहे. परंतु त्याचा खर्च बेताचा आहे.