बड्यांचा समेट, लहानांचा बळी

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे अमेरिका व रशिया यांचे प्रतिनिधी चर्चेला बसले. विषयांत युक्रेनचे युद्ध होते; युक्रेनला मात्र बोलावणे नव्हते. युद्धाहून बड्या सत्तांच्या समेटाची धास्ती लहान राष्ट्राला अधिक का वाटावी, हे समजून घेण्यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यातील परंड्याचा भुईकोट किल्ला त्याच पेचाचा साक्षीदार आहे.

इ. स. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर जिंकले. राजधानी गेली, तरी निजामशाही संपली नाही. मलिक अंबरने राजघराण्यातील एका वंशजाला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि परंडा ही तात्पुरती राजधानी झाली. उत्तरेला मुघल आणि दक्षिणेला विजापूरची आदिलशाही, अशा दोन बलाढ्य सत्तांमध्ये हे खिळखिळे राज्य उभे होते.

अंबरचे मुत्सद्दीपण एका साध्या हिशेबावर आधारलेले होते. मुघल दक्षिणेत उतरले तर पुढचा घास आपला, हे विजापूरला पटवून त्याने तेथून मदत मिळवली. दबाव असह्य होताच १६१७ मध्ये त्याने शाहजादा खुर्रमशी तह करून प्रदेश सोडला आणि १६२० मध्ये संधी मिळताच तो मोडला. तह म्हणजे त्याच्या लेखी उसंत होती. विजापूरच मुघलांच्या गोटात गेले, तेव्हा त्याने गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडे हात पुढे केला आणि १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मुघल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या मुत्सद्देगिरीमागे मराठा घोडदळाचा गनिमी कावा आणि जमीनमहसुलाची घडी होती, हे विसरून चालणार नाही. रणांगणातील बळाविना वाटाघाटी म्हणजे केवळ विनवणी ठरते.

१६२६ मध्ये अंबर मरण पावला आणि दरबारातील फाटाफूट उघडी पडली. परंडा विजापूरकडे गेला. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफही तेथून विजापूरला नेण्यात आली. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांनी घेतले. तरीही शहाजीराजांनी एका बालराजाला गादीवर बसवून, विजापूरच्या पाठिंब्यावर निजामशाही जिवंत ठेवली. शेवट झाला तो १६३६ मध्ये. शाहजहान व मुहम्मद आदिलशाह यांनी आपसात तह केला, निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला आणि एकाकी पडलेल्या शहाजीराजांना माहुली गडावर शस्त्र खाली ठेवावे लागले. दोन सत्तांच्या वैराने जे राज्य जगवले, ते त्यांच्या मैत्रीने बुडवले.

युक्रेनची कोंडी याच जातीची आहे. १९९४ च्या बुडापेस्ट करारात अमेरिका, ब्रिटन व रशिया यांच्या आश्वासनावर त्याने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडली. २०२२ मध्ये त्याच रशियाने त्याच्यावर सर्वंकष आक्रमण केले. एप्रिल २०२५ मध्ये युक्रेनने अमेरिकेशी खनिजांबाबत करार केला, तो आपल्या अस्तित्वात महासत्तेचा स्वार्थ गुंतवण्यासाठी. आश्वासनापेक्षा स्वार्थ अधिक टिकतो, हे अंबरनेही जाणले होते.

मात्र या इतिहासाचा खरा इशारा लहानांपेक्षा मधल्या सत्तांना आहे. १६३६ च्या वाटणीत विजापूरला मुलूख मिळाला, पण मुघलांना थोपवून धरणारी भिंत गेली. बरोबर ५० वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूरच जिंकले. शेजाऱ्याचा बळी देऊन मिळवलेली शांतता किती काळ पुरते, याचा हिशेब युरोपच्या राजधान्यांनी वेळीच मांडलेला बरा.