हवामानबदल शिकवताना तळं विसरू नका



हवामानबदलावर प्रश्न विचारला की वर्गातून ठरलेलं उत्तर येतं. तापमान वाढलं, हिमनद्या वितळल्या, समुद्राची पातळी वाढली. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. अलास्का, कॅनडा आणि सायबेरियात नुसता बर्फच नाही, तर गोठलेली जमीनही वितळते आहे. त्या जमिनीतल्या कार्बनचं पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी तिथल्या तळ्यांत ठरतं. म्हणून हा धडा तळ्याशिवाय पूर्ण होत नाही, असं माझं मत आहे.

आधी पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय ते पाहू. सलग दोन किंवा अधिक वर्षं शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिच्यात माती, दगड, बर्फ आणि हजारो वर्षांपूर्वीची मुळं-पानं असतात. फ्रीजरमध्ये ठेवलेली भाजी जशी कुजत नाही, तसे हे अवशेष तिथे टिकून राहिले. उत्तरेकडच्या या प्रदेशातल्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. आज वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या हे साधारण पावणेदोन पट झालं!

जमीन वितळली की हा कार्बन दोन वाटांनी तळ्यात येतो. पहिली वाट पाण्याची. पाणी मातीत झिरपतं, कार्बन विरघळवून घेतं आणि ओढ्यांतून तळ्यात येतं. चहाची पावडर टाकल्यावर पाण्याचा रंग बदलतो ना, तसं तळं तपकिरी होतं. दुसरी वाट खचण्याची. जमिनीतला बर्फ वितळला की जमीन खाली बसते, खड्ड्यात पाणी साचतं आणि नवं तळं तयार होतं. त्याला थर्मोकार्स्ट तळं म्हणतात. त्याचे काठ ढासळत राहतात आणि जुनी माती थेट तळाशी जाते.

वाट वेगळी, तसा परिणामही वेगळा. पाण्यात विरघळलेल्या कार्बनवर सूर्यप्रकाश काम करतो. रोझ कोरी आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नद्या-तळ्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. पाण्याच्या थरात कार्बनवर होणाऱ्या प्रक्रियेत ७० ते ९५ टक्के वाटा सूर्यप्रकाशाचा आहे, असं त्यात दिसलं. यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तळाच्या गाळात मात्र ऑक्सिजन नसतो. तिथे गोबरगॅसच्या टाकीत होतं तेच होतं, सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. अलास्का विद्यापीठाच्या केटी वॉल्टर अँथनी यांनी गोठलेल्या तळ्यांच्या बर्फात अडकलेले असे बुडबुडे फोडून पेटवून दाखवले आहेत. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो.

मग याला 'मिथेन बॉम्ब' म्हणायचं का? मला ते पटत नाही. काही कार्बन गाळात गाडलाही जातो. जुन्या थर्मोकार्स्ट तळ्यांत हजारो वर्षांत शेवाळ आणि वनस्पती वाढून कार्बन पुन्हा साठल्याचं वॉल्टर अँथनी यांच्याच २०१४ च्या अभ्यासात दिसलं. पण तो साठा व्हायला हजारो वर्षं लागली, आणि आज जमीन काही दशकांत खचते आहे. उगाच घाबरायचं नाही, पण निर्धास्तही राहायचं नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. गाड्या, कारखाने, वीजकेंद्रं यांचा धूर कमी करता येतो. तळ्यातून निघणाऱ्या वायूला मात्र तोटी नाही. उष्णता वाढली की जमीन वितळते, वायू निघतो आणि उष्णता आणखी वाढते. हे चक्र हळू ठेवायचं तर आपला धूर आधी कमी करायला हवा.

म्हणून शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या वेळी फळ्यावर हिमनदी काढाल तेव्हा शेजारी एक तळंही काढा आणि मुलांना विचारा, "यातला कार्बन कुठून आला, आणि आता कुठे जाणार?" पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही. मुलांना विचारच करावा लागतो, आणि आपल्याला तेच तर हवं आहे ना?