पोराला गोष्ट लिहायला लावा, शब्द मागोमाग येतील

पीकपाण्याचं आपण नेहमीच बोलतो. आज जरा घरातल्या शाळकरी पोराची वही उघडून बघा. समानार्थी शब्दांची यादी सापडेल. पाणी म्हणजे जल, नीर, तोय. पोर परीक्षेपर्यंत घोकतं आणि पेपर झाला की विसरतं. त्यात त्याच्या डोक्याचा दोष नाही. जो शब्द वापरायची कधी वेळच आली नाही, तो ध्यानात राहावा कसा? बी कणगीत ठेवून उगवत नाही.

त्यापेक्षा त्याला पाच शब्द द्या आणि सांगा, हे सगळे येतील अशी गोष्ट लिही. तीन शब्द घरचे, दोन बाहेरचे. समजा खोंड, बांध, वाफसा हे घरचे. पंचनामा, साक्षीदार हे कचेरीतले. आता खोंड उधळून बांध ओलांडणार, वाफशावर पेरलेलं शेजाऱ्याचं रान तुडवणार. पंचनाम्याला कोण आलं, साक्षीदार कोण झालं, हे पोराला ठरवावंच लागतं. मग ते तुम्हाला विचारतं, "पंचनाम्यात काय लिहितात?" हा प्रश्न आला की निम्मं काम झालं. त्यानं खोंडालाच साक्षीदार केलं तरी हसून घ्या, गोष्ट त्याची आहे.

हे लाड नव्हेत. पीकविम्याची तक्रार, फेरफारावरची हरकत, ग्रामसभेतला ठराव. ज्याला आपलं म्हणणं चार ओळींत मांडता येत नाही, तो दुसऱ्याच्या हातचं लिहून घेतो आणि न वाचता अंगठा नाहीतर सही करतो. याचे तोटे तुम्हाला मी काय सांगावेत?

बरं, आपल्या घरात शब्दांचा दुष्काळ नाही. आपल्याकडं शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, म्हशीचं रेडकू. गाईच्या वासरात पुन्हा कालवड निराळी, गोऱ्हा निराळा. पावसातही वळीव वेगळा, झड वेगळी, भुरभुर वेगळी. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त गावकारभाराचे असे कितीतरी शब्द सापडतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला, आनंद आहे. पण मळणीयंत्र आलं आणि खळ्याबरोबर तिवडाही गेला. यंत्र नको असं कुणी म्हणणार नाही. उन्हात बैलांमागं फिरलेला माणूस तर मुळीच नाही. तरी एका संध्याकाळी आजीला खळ्याची हकीकत सांगायला लावा आणि पोराला ती गोष्ट करून लिहू द्या. धान्य उपणलं, रास झाली, तळाला मातीत मिसळून उरलं ते मातेरं. मग 'संसाराचं मातेरं झालं' याचा अर्थ त्याला गाईडात शोधावा लागणार नाही.

गुरुजींना एक विनंती. पोरानं 'व्हतं' लिहिलं की लगेच लाल शाई काढू नका. प्रमाणभाषा यायलाच हवी, परीक्षा तिच्यातच आहे आणि अर्जही. पण पहिल्याच ओळीला 'गावंढळ' म्हणून ऐकलेलं पोर पुढं लिहायचंच सोडतं. गोष्ट पुरी होऊ द्या. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खेपेला बघता येईल.

आता सरपंच आणि भाऊसाहेब. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालक असतात. बैठकीत खिचडी आणि कुंपणभिंतीवर तासभर बोलणं होतं, तेही हवंच. पुढच्या बैठकीत एवढं करा. पंचायतीच्या फळ्यावर नोटिशींच्या शेजारी हातभर जागा मोकळी ठेवा आणि महिन्याला पोरांची एक गोष्ट तिथं लावा. खर्च एक कागद आणि चार टाचण्या. नोटीस वाचायला तिथं कोणी थांबत नाही. पण नातवाची गोष्ट लागली म्हटल्यावर आजा चष्मा शोधून येईल, आणि "तिवडा असा नसतो रं" म्हणून आणखी दोन शब्द सांगून जाईल.